जीवशास्त्र घेतले, म्हणजे गणित सुटले?



दहावीचा निकाल लागला की आमच्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात दरवर्षी एक ठरलेला संवाद ऐकू येतो. प्रवेशाचा अर्ज हातात धरून एखादा मुलगा म्हणतो, "सर, मला गणिताची भीती वाटते, म्हणून मी जीवशास्त्र घेतो." त्याच्या मागे उभी असलेली मुलगी म्हणते, "मला ती लांबलचक नावे पाठ होत नाहीत, म्हणून मी जीवशास्त्र सोडते." दोघांनाही आपण मोठा शहाणपणाचा निर्णय घेतला असे वाटत असते. पालकही मान हलवतात. आणि खरे सांगायचे तर, वीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवणारा मीही कित्येक वर्षे मान हलवत आलो.

आज मला वाटते की ते माझे चुकले. ती चूक एका विद्यार्थिनीने माझ्या पदरात घातली, तीही भर समुद्रातल्या एका बेटावरून. तिची हकिकत तुम्हांला सांगावी आणि तिच्यातून मी काय शिकलो तेही सांगावे, म्हणून हा लेख.

ही मुलगी आमच्याच महाविद्यालयात अकरावी-बारावीला होती. वडील एस.टी.त कंडक्टर. प्रयोगशाळेत तिचा हात स्थिर होता. व्हर्नियर कॅलिपरचे लघुतम माप काढताना इतर मुले शेजाऱ्याच्या वहीत डोकावत. ही मात्र स्वतःच मोजी आणि तीन वेळा मोजी. २०२० साली ती बारावी झाली. टाळेबंदीचे दिवस होते, म्हणून तिने फोनवरच सांगितले, "सर, मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करणार. पुढे मला सागरी जीवशास्त्र शिकायचे आहे." मी चटकन बोलून गेलो, "अगं, पदार्थविज्ञानात एवढे चांगले गुण मिळाले असताना मासे कसले मोजत बसतेस?"

ती काही बोलली नाही. फोन मात्र तिने नेहमीपेक्षा लवकर ठेवला.

पुढे बी.एस्सी. करून ती एम.एस्सी.ला गेली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एका संशोधक गटाची मदतनीस म्हणून लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर पोचली. तिथून तिने मला पहिला निरोप पाठवला तो असा: "सर, मासे मोजायला आले आणि पहिल्याच दिवशी पदार्थविज्ञानाचे पुस्तक आठवावे लागले."

आता हे बेट कसे आहे, ते आधी पाहू. नकाशावर केरळच्या पश्चिमेला अरबी समुद्रात काही ठिपके दिसतात. ते लक्षद्वीप. छत्तीस बेटे, पण सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी भरते जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. अगत्ती त्यांतले एक. लांबी सात-साडेसात किलोमीटर, रुंदी सर्वांत जास्त असेल तिथेही सुमारे एक किलोमीटर, आणि उंची समुद्रसपाटीपासून दोन-चार मीटर. डोंगर नाही, नदी नाही, ओढा नाही. माड, घरे, मशिदी, एका टोकाला विमानाची धावपट्टी आणि चहूकडे पाणी. पश्चिमेला पोवळ्यांच्या कड्याने अडवलेले उथळ, शांत, हिरवट निळे पाणी असते; त्याला लगून म्हणतात. कड्याच्या पलीकडे एकदम खोल, गडद समुद्र.

कोकणातल्या मुलीला समुद्राचे नवल नाही. तिला नवल वाटले ते वाळूचे. आपल्याकडची वाळू करडी, काही ठिकाणी काळपट. इथली पांढरीशुभ्र. तिने चिमूटभर वाळू घेतली आणि तिच्यावर विरल आम्लाचा एक थेंब टाकला. फस्सकन बुडबुडे आले! कार्बन डायऑक्साइड. म्हणजे ही वाळू दगडाची नव्हेच. पोवळ्यांचे सांगाडे, शंख-शिंपले, चुनखडी साठवणारी शैवाले यांचा तो चुरा, कॅल्शियम कार्बोनेट. त्यातला काही भाग तर माशांच्या पोटातून आलेला. पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी पोवळ्यांचा खडक खरवडतो, त्यातले शैवाल पचवतो आणि उरलेली भुकटी वाळू म्हणून बाहेर टाकतो. ज्या बेटावर माणसे घरे बांधून राहतात, ते बेट असे जिवांनी घडवलेले. हा धडा रसायनशास्त्राचा की जीवशास्त्राचा? तुम्हीच सांगा.

दुसरा धडा विहिरीचा. ती ज्या घरी उतरली होती त्या घराच्या परसात विहीर होती. चहूबाजूंनी खारा समुद्र, आणि तीस-चाळीस पावलांवरच्या विहिरीत पिण्याजोगे पाणी! शिवाय सकाळी पाण्याची पातळी एक आणि दुपारी दुसरी. कोणी उपसा केला नव्हता, पाऊसही नव्हता. तिने दोरीला दगड बांधला, दोरीवर खुणा केल्या आणि दर तासाला पातळी मोजून कागदावर आलेख काढला. शेजारी भरती-ओहोटीचा आलेख काढला. दोन्ही वक्र जुळ्या भावंडांसारखे निघाले. विहिरीचा वक्र थोडा उशिरा चढत होता आणि थोडा कमी चढत होता, एवढाच फरक. विहीर समुद्राबरोबर श्वास घेत होती.

याचे कारण तुमच्या शाळेच्या पुस्तकातच आहे, घनता. गोड्या पाण्याची घनता १.००० धरली तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५ असते. पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. जसा बर्फाचा तुकडा पाण्यावर तरंगतो आणि त्याचा बराचसा भाग पाण्याखाली असतो, तसेच हे. हिशेब करून पाहा. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची उंची जर 'क' असेल आणि खाली खोली 'ख' असेल, तर तळाशी दोन्ही बाजूंचा दाब सारखा हवा. म्हणून (क + ख) × १.००० = ख × १.०२५. यावरून ख = ४० क. म्हणजे वर एक मीटर गोडे पाणी असेल तर खाली चाळीस मीटर! हा नियम घायबेन आणि हर्झबर्ग यांच्या नावाने ओळखला जातो. प्रत्यक्षात लहान प्रवाळबेटावर भरती-ओहोटीने खारे-गोडे पाणी मिसळत राहते, त्यामुळे गोड्या पाण्याचा थर हिशेबापेक्षा बराच पातळ असतो. पण हिशेबाची दुसरी बाजू पाहा. पंप लावून पातळी फक्त दहा सेंटिमीटर खाली नेली, तर खालचे खारे पाणी चार मीटर वर चढू पाहते. चाळीस हा आकडा ज्याला कळला, त्याला बेटावर मोठे पंप का बसवू नयेत हेही कळले.

तुम्हांला घरी हे करून पाहता येईल. एका काचेच्या पेल्यात मिठाचे पाणी घ्या. दुसऱ्या भांड्यात साध्या पाण्यात थोडी शाई मिसळा. मिठाच्या पाण्यावर एक चमचा टेकवून त्यावरून हे रंगीत पाणी अगदी हळू सोडा. रंगीत थर वर तरंगत राहील. हेच तुमचे छोटे अगत्ती बेट.

पाण्याचीच आणखी एक गोष्ट. विहिरी पुरेनात, म्हणून चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती बेटावर एक संयंत्र उभारले आणि २०११ मध्ये मिनिकॉय व अगत्ती येथेही. कवरत्तीच्या संयंत्राची क्षमता रोज एक लाख लिटर. त्याचे तत्त्व किती साधे! हवेचा दाब पुरेसा कमी केला तर पाणी २८ अंशांनाही उकळते. समुद्राच्या पृष्ठभागाचे कोमट पाणी निर्वात कोठीत सोडायचे, त्याची वाफ करायची आणि सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती निववायची. मी उकळबिंदू आणि दाब यांचा संबंध पंधरा-वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. त्या नियमावर एक गाव पाणी पिते, हे मात्र मला एका जीवशास्त्राच्या विद्यार्थिनीने सांगितले.

मग ती पाण्यात उतरली. तिचे मुख्य काम तेच होते. दहा मीटर खोलीवर तिला एक मासा दिसला. काळपट करडा, मोठ्या डोळ्यांचा. तिने प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने तसे लिहिले. सोबतच्या संशोधकाने त्यावर विजेरीचा प्रकाश टाकला. मासा लालभडक निघाला! पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. दहा मीटर खाली जाईपर्यंत सूर्यप्रकाशातला तांबडा भाग जवळजवळ संपलेला असतो. तिथे लाल रंगाचा मासा म्हणजे न दिसणारा मासा. प्रकाशाचा वर्णपट पाठ असलेल्या मुलीला तो त्या दिवशी डोळ्यांनी कळला.

आणि प्रकाशाशिवाय पोवळे नाही. पोवळे हा प्राणी आहे, वनस्पती नव्हे. इवल्याशा पॉलिपांची ती वसाहत असते. पण त्यांच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा पोवळ्याला देते. पोवळे त्याला निवारा देते. म्हणून खडक घडवणारी पोवळी उजेड पोचतो तेवढ्याच पाण्यात वाढतात.

मग खोल समुद्राच्या मधोमध कंकणासारखी गोल प्रवाळबेटे झाली कशी? हा प्रश्न चार्ल्स डार्विनला पडला होता. १८३६ च्या एप्रिलमध्ये तो हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांवर उतरला, तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता. त्याने १८४२ मध्ये पुस्तक लिहून मांडले की मुळात तिथे ज्वालामुखीचे बेट असते, ते शतकानुशतके हळूहळू खचते आणि पोवळी उजेडासाठी वर वर बांधत जातात. शेवटी डोंगर बुडतो आणि पोवळ्यांचे कडे उरते. हे खरे कशावरून? खाली भोक पाडून पाहिल्याशिवाय कसे कळणार? प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक बेटावर १९५२ साली ते काम झाले. बाराशे मीटरहून अधिक चुनखडक ओलांडल्यावर ज्वालामुखीचा काळा खडक लागला. डार्विनचा अंदाज खरा ठरायला एकशे दहा वर्षे लागली, आणि तो खरा ठरला तो मोजण्याने. लक्षद्वीपखालच्या पर्वतरांगेचे नाते आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाशी आहे, असे अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्रोतातून दख्खनचा लाव्हा आला, त्याच स्रोताच्या पुढच्या वाटचालीची ती खूण. तेव्हा भूगोलाचा तासही या बेटावर चुकत नाही.

इथवर सारे गंमतीचे झाले. आता जरा गंभीर भाग.

अगत्तीच्या लगूनमध्ये हिरव्या समुद्रकासवांची मोठी संख्या एकेकाळी संशोधकांच्या नजरेत भरली. कासवांना कायद्याचे संरक्षण आहे. ती वाढली याचा आपल्याला आनंदच व्हायला हवा. पण ही कासवे सागरी गवत खातात. ती इतकी झाली की त्यांनी लगूनमधली गवताची कुरणे जवळजवळ फस्त केली. त्या गवतात लहान मासे आसरा घेतात. कोळी म्हणू लागले की कासवांमुळे आमचा मासा गेला. संशोधकांनी वर्षानुवर्षे गवताची लांबी, दाटी आणि कासवांची संख्या मोजली, तेव्हा कोळ्यांच्या म्हणण्यात तथ्य आढळले. गवत संपल्यावर कासवे दुसऱ्या बेटांच्या लगूनकडे वळली. आमच्या या मुलीला एका वृद्ध कोळ्याने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले, "इथे गवत होते. आता वाळू आहे. तुम्ही कागदावर लिहिता, आम्ही रोज बघतो." तिने हे वाक्यही वहीत तारखेसह लिहिले. कासव चांगले की वाईट, असा प्रश्नच इथे चुकीचा आहे. किती कासवे, किती गवत आणि किती काळ, हा खरा प्रश्न. 'किती' हा शब्द आला की गणित आले.

आता पोवळ्यांकडे परत येऊ. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापले आणि ते आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तर पोवळे आपल्या शरीरातले शैवाल बाहेर टाकते. रंग जातो, आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले तर पोवळे सावरू शकते; नाही निवले तर उपासमारीने मरते. तुम्ही म्हणाल, एका अंशाचे काय एवढे? आपल्याला ३७ ऐवजी ३८ अंश ताप आठवडाभर राहिला तर घरात काय धावपळ उडते ते आठवा.

ही उष्णता मोजायची एक साधी रीत आहे. नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा किती अंश जास्त आणि किती आठवडे, यांचा गुणाकार करायचा. एक अंश जास्त चार आठवडे, म्हणजे चार. दोन अंश जास्त दोन आठवडे, म्हणजेही चार. बेरीज चारपर्यंत गेली की विरंजनाची धास्ती, आठपर्यंत गेली की मोठ्या प्रमाणावर मृत्यूची. उपग्रहांवरून रोज हा हिशेब जगभरच्या समुद्रांसाठी मांडला जातो. पाचवीतला गुणाकार; पण त्यावर पोवळ्यांचे जगणे-मरणे वाचता येते.

लक्षद्वीपमध्ये असे मोठे आघात १९९८, २०१० आणि २०१६ साली झाले. काही बेटांभोवती संशोधकांनी १९९८ पासून २०२२ पर्यंत, चोवीस वर्षे, जिवंत पोवळ्यांचे आच्छादन मोजले. ते सुमारे ३७ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्याही खाली आले. दोन आघातांच्या मध्ये पोवळी सावरत होती, पण पुरते सावरायला वेळ मिळत नव्हता. आणि मग आले २०२४. त्या वर्षी एप्रिलमध्ये जगभरच्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा झाली. मे महिन्यात लक्षद्वीपमधूनही बातमी आली की तिथली पोवळी पांढरी पडली आहेत.

आमची विद्यार्थिनी फेब्रुवारीत जे पाहून आली होती ते त्याच्या आधीचे. पावसाळा संपल्यावर, डिसेंबरात, ती आपल्या प्रबंधासाठी पुन्हा त्याच ठिकाणी गेली. तळावर दोन लोखंडी खुंट्या ठोकलेल्या होत्या. त्यांच्यामध्ये टेप ताणायचा आणि ठरावीक अंतरावर टेपच्या बरोबर खाली काय आहे ते पाटीवर लिहायचे. जिवंत पोवळे, मृत पोवळे, शैवाल, वाळू. फेब्रुवारीत जिथे तिने 'जिवंत' लिहिले होते, तिथे एकामागून एक 'मृत, शैवालाने झाकलेले' असे लिहावे लागले. त्या रात्री तिने मला फोन केला. आवाज बसला होता.

ती म्हणाली, "सर, टेपच्या डावीकडे दोन मीटरवर एक मोठे पोवळे अजून जिवंत आहे. सुंदर आहे. टेप तेवढा सरकवला असता तर आकडा बरा आला असता. एक क्षण मनात आले."

"मग?" मी विचारले.

"नाही सरकवला. तुम्ही बारावीत लंबकाच्या प्रयोगाला माझे जर्नल परत केले होते, ते आठवले."

मला तो दिवस आठवला. लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायचे होते. वर्गातल्या बहुतेकांचे उत्तर ९.८ आले होते, अगदी बिनचूक. हिचे आले होते ९.४. तिने ते खोडून ९.८ केले होते. मी खोडलेला आकडा पाहिला आणि जर्नल परत देऊन म्हणालो होतो, "९.४ का आले ते शोध. ९.८ तर मला आधीच माहीत आहे." दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची राहून गेली होती. बाकीच्यांनी काय मोजले ते मी त्या दिवशी विचारले नाही, हेही इथे कबूल करतो. पंचवीस जर्नलांवर सह्या करायच्या होत्या, वेळ नव्हता.

मित्रांनो, ही गोष्ट माझी पाठ थोपटण्यासाठी सांगितली नाही. उलट, फोन ठेवल्यावर मला त्या इतर चोवीस जर्नलांची आठवण येऊन बेचैनी वाटली. आपण शाळा-महाविद्यालयांतून प्रयोगाचे 'उत्तर आणायला' शिकवतो. पुस्तकातले उत्तर आले की पूर्ण गुण. नाही आले तर खोडरबर. प्रयोगशाळेत यामुळे कोणाचे बिघडत नाही. लंबक तक्रार करत नाही. पण तीच सवय घेऊन एखादा विद्यार्थी समुद्राच्या तळावर उतरला, तर? टेप दोन मीटर सरकला की एक मेलेले पोवळे कागदावर जिवंत होते. सरकारला वाटते सारे ठीक आहे. त्या कड्यावर लाटा फुटतात म्हणून दोन-चार मीटर उंचीचे ते बेट उभे आहे. ट्यूना पकडण्यासाठी लागणारे चाऱ्याचे छोटे मासे लगूनमधून आणि प्रवाळांच्या आसऱ्यातून मिळतात, आणि गळाने धरलेल्या ट्यूनावर तिथल्या घराघरांची चूल पेटते. खोट्या आकड्याची किंमत ती माणसे मोजतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जीवशास्त्र घेतले, म्हणजे गणित सुटले का? अगत्तीने दिलेले उत्तर तुमच्यासमोर आहे. पण उलट बाजूनेही पाहा. पदार्थविज्ञान घेतले, म्हणजे जिवंत सृष्टीशी संबंध सुटला का? मला घनता येत होती, पण बेटावरची विहीर माहीत नव्हती. मला प्रकाशाचे शोषण येत होते, पण लाल मासा माहीत नव्हता. मीही एका कप्प्यात बसलो होतो आणि त्यालाच विज्ञान समजत होतो.

काही शिक्षक बंधू-भगिनी म्हणतील, "सगळ्यांनी सगळेच शिकायचे काय? आयुष्य पुरेल का?" आक्षेप योग्य आहे. विषयांची विभागणी सोयीसाठी लागतेच. वेळापत्रक तासांतच आखावे लागते. माझे म्हणणे एवढेच, की विषय आवडीने निवडावा, भीतीने नव्हे. ज्याला मासे आवडतात त्याने जरूर मासे शिकावे, पण मोजणे टाळता येईल म्हणून नव्हे. ज्याला समीकरणे आवडतात त्याने जरूर ती सोडवावीत, पण चिखलात पाय घालायला नको म्हणून नव्हे. आणि शिक्षकांना माझी एक विनंती आहे. प्रयोगाच्या गुणांत 'उत्तर बरोबर' याला असलेला वाटा थोडा कमी करावा आणि 'नोंद खरी' याला थोडा वाढवावा. मी माझ्या वर्गात तसे सुरू केले आहे. पहिल्या वर्षी मुलांची उत्तरे ९.१ पासून १०.३ पर्यंत आली. मला फार बरे वाटले. प्रथमच मुलांनी खरोखर मोजले होते.

यासाठी लक्षद्वीपलाच जायला हवे असे नाही. तिथे जायला परवाना लागतो, पैसे लागतात. सर्वांना जमणार नाही. पण कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना खडकाळ किनारा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी ओहोटी असते, तेव्हा खडकांतली डबकी उघडी पडतात. तारेची अर्धा मीटर बाजूची एक चौकट करा. एकच जागा ठरवा, खडकाच्या एखाद्या ठळक खुणेजवळ. दर महिन्याला तिथेच चौकट ठेवून आत किती शंख, किती कालवे, किती समुद्रफुले आहेत ते मोजा. पाण्याचे तापमान लिहा. तारीख आणि वेळ लिहा. काही उपटू नका, घरी आणू नका; उचललेला दगड होता तसा ठेवा. मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय आणि भरतीची वेळ पाहिल्याशिवाय जाऊ नका, आणि लाटेकडे पाठ करू नका. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना गावची विहीर आहे, शाळेच्या आवारातले एखादे झाड आहे. वर्षभर त्याच एका जागेची नोंद ठेवा. एखाद्या महिन्यात काहीच सापडले नाही, तर 'शून्य' असे लिहा. शून्य हीसुद्धा नोंद आहे.

आमच्या विद्यार्थिनीचा प्रबंध २०२५ मध्ये पुरा झाला. एक प्रत तिने मला दिली. तिच्यातला मुख्य तक्ता पाहून कोणाचेही मन प्रसन्न होणार नाही. पण त्या तक्त्याच्या खाली एक ओळ आहे, की दोन्ही वेळच्या नोंदी त्याच दोन खुंट्यांमध्ये टेप ताणून घेतल्या आहेत. पुढच्या वर्षी कोणीतरी दुसरा विद्यार्थी त्याच खुंट्या शोधून पुन्हा टेप ताणील. पोवळी सावरली की नाही, ते त्यालाच प्रथम कळेल, आणि हिने टेप सरकवला नव्हता म्हणूनच कळेल.

प्रत देताना ती हसून म्हणाली, "सर, तुम्ही विचारले होते ना, मासे कसले मोजत बसतेस म्हणून? आता उत्तर देते. नीट मोजत बसते."

यंदाच्या जूनमध्ये व्हरांड्यात कोणी मला विचारले, "सर, जीवशास्त्र घेतले तर गणित सुटेल ना?", तर मी मान हलवणार नाही. त्याला हा प्रबंध वाचायला देईन.